बाईंच्या विनंतीवरून

प्रार्थना संपली होती. पोरं ओळीनं उभी होती. मी पायऱ्यांवर, मुख्याध्यापिका उभी राहते त्या जागेवर. तेवढ्यात संस्थेचे सचिव जीपमधून उतरले. सगळा गाव त्यांना आण्णासाहेब म्हणायचा. सोबत त्यांचा भाचा होता. तो आमच्याच शाळेत शिक्षक, माझ्यानंतर सात वर्षांनी लागलेला. त्या दिवशी त्यानं नवा सफारी घातला होता. मला वाटलं, कुठं लग्नाला निघाले असतील.

आण्णासाहेब माझ्याशी बोलले नाहीत. पायऱ्या चढून माझ्यापुढं उभे राहिले. मला त्यांची पाठ दिसत होती. पोरांना म्हणाले, "आपल्या बाईंनी लय दिवस शाळेचा भार उचलला. आता बाईंच्या विनंतीवरून आजपासून हे सर तुमचे मुख्याध्यापक. बाई पाचवीला शिकवतील. टाळ्या वाजवा."

मी कसलीच विनंती केली नव्हती.

पोरांनी टाळ्या वाजवल्या. शिक्षकांनी वाजवल्या. मीही वाजवल्या.

हे लिहिताना हात अडतो. पण लिहायचं तर हेच आधी लिहायला पाहिजे. माझी खुर्ची काढून घेतली तेव्हा मी टाळ्या वाजवत होते. सगळे वाजवतायत आणि आपण एकटीच हात खाली सोडून उभी राहिलो तर कसं दिसेल, एवढंच त्या वेळी डोक्यात आलं.

"चाव्या?" आण्णासाहेब म्हणाले.

चाव्यांचा जुडगा माझ्या कमरेला होता. मी तो काढून भाच्यापुढं धरला. त्यानं हात पुढं केला. मग मामाकडं बघितलं. हात परत खिशात घातला.

"टेबलावर ठेवा, बाई," तो म्हणाला.

मी सगळ्या शाळेदेखत आत गेले आणि टेबलावर चाव्या ठेवल्या.

टेबलावर एक टाइप केलेला कागद तयार होता. आण्णासाहेब माझ्या खुर्चीत बसले. मला बसा म्हणाले नाहीत. मीही समोरची खुर्ची ओढली नाही. तीन वर्षं मी त्या खोलीत लोकांना बसा म्हणत होते.

कागदावर लिहिलं होतं की कौटुंबिक अडचणी आणि तब्येतीच्या कारणानं मला मुख्याध्यापक पदाचं काम झेपत नाही, म्हणून मी या पदावरचा हक्क स्वखुशीनं सोडत आहे.

"आण्णासाहेब, मी असा अर्ज केला नाही," मी म्हणाले. इतकं हळू, की त्यांना दुसऱ्यांदा विचारावं लागलं.

"केला न्हाई, आता करायलात," ते म्हणाले. रागानं नाही, अगदी घरातल्या माणसासारखं. "तुमचं घर पूर्णेला. रोजचे येष्टीचे धक्के. कशाला तरास? नोकरी जागेवर हाय. आन् सही नसंल करायची तर चौकशी लावू. चौकशी लागली की काय काय निघतं, तुमी शिकल्यासवरल्या हाव, तुमाला सांगायला नको."

निघण्यासारखं काही नव्हतं. मला माहीत होतं. त्यांनाही माहीत होतं.

मग ते म्हणाले, "आमी तुमाला या खुर्चीवर बसवलं बाई. तुमच्या लोकांना कोन बसवतं?"

मी पेन काढलं. कागद पुन्हा वाचला. 'कौटुंबिक' शब्दात दुसरी वेलांटी पडली होती. मी ती खोडली, पहिली दिली, आणि खाली सही केली.

वीस वर्षं पोरांच्या वह्या तपासायची सवय. स्वतःच्या बेइज्जतीचा कागदसुद्धा मी तपासून दिला.

*

मी कोण होते ते सांगते.

आमचं घर पूर्णेला, रेल्वेच्या वस्तीमागं. बाप मी सातवीत असताना गेला. माय लोकोशेडच्या मागं इंजिनांची राख पडायची तिथं बसून अर्धवट जळालेला कोळसा वेचायची आणि टोपलीनं विकायची. तिच्या बोटांच्या चिरा कधीच पांढऱ्या झाल्या नाहीत. त्या हातांनी तिनं मला शिकवलं. आमच्या गल्लीतली मी पहिली मॅट्रिक. नोकरी करत बी.ए. झाले, बी.एड. झाले.

शाळा ताडकळसच्या अलीकडच्या एका गावात. आधीचे मुख्याध्यापक निवृत्त झाले तेव्हा यादीत सगळ्यात वर माझं नाव होतं. संस्थेनं चार महिने टाळलं. शिक्षण खात्याकडून दोनदा विचारणा झाली, तेव्हा कुठं मला ऑर्डर मिळाली. आण्णासाहेबांनी मला बसवलं नव्हतं. माझ्या नोकरीच्या वर्षांनी बसवलं होतं. पण ते म्हणाले, "आमी बसवलं," आणि मला ते खरं वाटलं. कुणी दिलं म्हणून आपल्याला मिळालं, ही गोष्ट आमच्या हाडात इतकी मुरलेली असते की हक्काची गोष्टसुद्धा हातात घेताना आपण ओंजळ करतो.

मग तीन वर्षांनी एकाएकी काय झालं? त्याचंही सांगते. त्यात माझी शोभा नाही.

विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव होऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. नाव बदललं नव्हतं. ठराव झाला त्या पावसाळ्यात माझ्या मावशीच्या गावात आमची वस्ती जाळली. मावशी लेकरं घेऊन उभ्या ज्वारीत लपली होती. त्यानंतर मोर्चे, निवेदनं, बंद, हे चालूच राहिलं. त्या साली संस्थेनं एक निवेदन काढलं. आमच्या सर्व शिक्षकांचा नामांतराला विरोध आहे, असं. सगळ्यांनी सह्या करायच्या. पहिली सही मुख्याध्यापिकेची. आमच्यातल्याच बाईची पहिली सही असली म्हणजे काम पक्कं, असा त्यांचा हिशोब.

मी नाही म्हणाले नाही. मी म्हणाले, "उद्या करते." दुसऱ्या दिवशी ताप आल्याचा निरोप पाठवला आणि चार दिवस घरी गोधडी घेऊन पडले. अंगात ताप नव्हता. मायनं माझ्या कपाळाला हात लावून बघितला आणि गोधडी सारखी केली.

निवेदन माझ्या सहीशिवाय गेलं. मला वाटलं, सुटले. तोंडावर नकार द्यायचीही हिंमत झाली नाही आणि सहीही झाली नाही. दीड महिन्यानं जीप आली.

*

पाचवीचा वर्ग मागच्या अंगाला, पत्र्याखाली. मुलं चांगली होती. शिकवण्याची मला कधीच लाज वाटली नाही. लाज हजेरीपटाची वाटायची. शिक्षकांच्या हजेरीपटावर माझं नाव पहिल्या ओळीत असायचं. दुसऱ्या दिवशी नवा पट होता आणि माझं नाव अकराव्या ओळीवर. माझ्या हाताखाली लागलेली पोरं माझ्या वर सही करायची. एक जण सही करताना माझ्याकडं बघायचा नाही. बाकीच्यांना बघायला काही वाटत नव्हतं.

चौथ्या दिवशी शाळेमागच्या कचऱ्यात मला हिरव्या रेक्झिनचा तुकडा दिसला. ओळखीचा. मुख्याध्यापकाच्या खुर्चीचं रेक्झिन होतं ते. कुठं फाटलं नव्हतं. ऑफिसच्या दारातून जाताना बघितलं, खुर्चीला नवं तपकिरी रेक्झिन लावलं होतं.

मी कुणाला काही विचारलं नाही. त्या दिवशी पाचवीला भूगोल होता. परभणी जिल्ह्यातल्या नद्या शिकवल्या.

घरी मी सांगितलं नाही. सकाळी लेकीची वेणी घालायचे, तशीच तयार व्हायचे, तीच गाडी पकडायचे. माझे मालक लोकोशेडमध्ये खलाशी, म्हणजे फिटरच्या हाताखालचे कामगार होते. ते विचारायचे, "काय म्हनती शाळा?" मी म्हणायचे, "चाललीय." मुख्याध्यापिकेची कामं तोंडानं सांगायचे. आज खात्याचा माणूस आला होता, आज परीक्षेचे तक्ते केले. खोटं. अकरा दिवस मी घरात खोटं बोलले.

बाराव्या दिवशी ताडकळसचा बाजार होता. माय मिरच्या आणायला गेली. तिथं आमच्या शाळेच्या गावातली एक बाई तिला भेटली आणि सहज विचारलं, "तुमच्या पोरीला खाली उतरवलं म्हनं?"

माय घरी आली. मिरच्यांची पिशवी कोपऱ्यात ठेवली. संध्याकाळी मालक ड्युटीवरून आले, हातपाय धुतले, तेव्हा तिनं त्यांच्यासमोर विचारलं.

"पोरी, तू काय गुन्हा केलास?"

मी म्हणाले, "काही नाही."

"मंग उतरवलं कामून?"

मग मी सगळं सांगितलं. टाळ्यासुद्धा सांगितल्या. कागदाचं सांगितलं.

"तुला वाचून दावला व्हता कागद?"

"मीच वाचला, माय."

"वाचून दसखत केलंस?"

मी मान हलवली.

माय स्वतःच्या बोटांकडं बघत होती. मग म्हणाली, "मला वाचता येत न्हाई. मी अंगठा देते. पन अंगठा द्यायच्या आदी मी दहा जनाला इचारते, काय लिवलंय म्हनून. नको असंल तर अंगठा मुठीत ठिवते. तुला येवढं शिकवलं, ते कशासाठी?"

तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

मालक इतका वेळ ऐकत होते. त्यांनी एकच प्रश्न केला. "चार्जशीट कुठंय?"

"कसली चार्जशीट?"

"आमच्याकडं साधा खलाशी खाली उतरवायचा म्हनलं तर आदी चार्जशीट देतात. तुझा कसूर काय, लिवून. मंग तुझा जबाब. मंग चौकशी. तवा कुठं हुकूम. युनियनच्या मीटिंगीत हेच तर सांगतात. तुमच्या शाळांला कायदा न्हाई का?"

मला माहीत नव्हतं. बी.ए., बी.एड. मुख्याध्यापिका. तीन वर्षं शाळेतल्या नियमांच्या फायली माझ्या कपाटात होत्या, त्या कपाटाची चावी माझ्या कमरेला होती. दुसऱ्यांच्या रजा, दुसऱ्यांच्या वेतनवाढी त्या नियमांनी मी मंजूर केल्या. स्वतःसाठी त्यात काही लिहिलेलं असेल, असं माझ्या मनात कधी आलंच नाही. सातवी नापास नवऱ्यानं मला विचारलं, तेव्हा मला माझ्या पदव्यांची लाज वाटली.

*

रविवारी आम्ही दोघं परभणीला गेलो. युनियनच्या एका माणसानं वकिलाचा पत्ता दिला होता. म्हातारे गृहस्थ, कोर्टामागच्या बोळात राहायचे. त्यांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, "हुकमाला दिवस किती झाले?"

"पंधरा."

"मुदत तीस दिवसांची असते. बरं झालं, आलात." त्यांनी एक पुस्तक काढलं. "खासगी शाळेतल्या माणसाला कसूर न सांगता, चौकशी न करता खाली उतरवता येत नाही. उतरवलं तर शाळा न्यायाधिकरणात अपील. हा तुमचा हक्क आहे बाई, कुणाची मेहेरबानी नाही."

मी सहीच्या कागदाचं सांगितलं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"टाइप केलेला होता?"

"हो."

"मुख्याध्यापकपदाचा हक्क सोडायचा असेल तर तो स्वतःच्या हातानं लिहून द्यावा लागतो. खुशीनं दिला का, ते शिक्षणाधिकारी विचारतात. तुम्हाला कुणी विचारलं?"

"नाही."

"तुमच्या हातचं त्यात काय आहे?"

"सही," मी म्हणाले. "आणि एक वेलांटी."

ते हसले नाहीत. म्हणाले, "तुम्हाला एक गोष्ट करावी लागेल. चारचौघांत सांगावं लागेल, की मी भ्याले म्हणून सही केली. सांगाल?"

मी मालकांकडं बघितलं. ते खिडकीबाहेर बघत होते. हे त्यांनी ठरवायचं नव्हतं.

"सांगेन," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी ऑफिसात गेले. पत्र माझ्या हातानं लिहिलेलं होतं. धमकी देऊन घेतलेली माझी सही मी मागं घेते. मला खाली उतरवायचं असेल तर आरोपपत्र द्या आणि चौकशी करा. एवढंच.

भाच्यानं पत्र वाचलं. टेबलावर माझ्याकडं सरकवलं. "हे मला घेता येत नाही, बाई. आण्णासाहेबांना विचारावं लागंल."

"विचारा. पण आधी पोच द्या."

"पोच कशाची?"

"पत्र मिळाल्याची. आवक नंबर टाका, शिक्का मारा."

मी समोरची खुर्ची ओढली आणि बसले. कुणी बसा म्हटलं नव्हतं. सुट्टी संपल्याची घंटा झाली, तशी पोरं ओसरीतून पळत गेली. शिपायाला पाठवून त्यानं आण्णासाहेबांना बोलावून घेतलं. घर जवळच होतं.

आण्णासाहेब आले, पत्र वाचलं. "बाई, कुनी शिकवलं तुमाला हे?"

"मी स्वतः लिहिलंय."

"इचार करा. पुढं काय व्हईल ते आमच्या हातात ऱ्हानार न्हाई."

"जे होईल ते लिहून द्या," मी म्हणाले. "तोंडी काही नको."

पोच मिळाली नाही. मी तेच पत्र पूर्णेच्या पोस्टातून रजिस्टर केलं. मालकांनी पोस्टाची पावती त्यांच्या रेल्वेच्या पासाजवळ ठेवली. तिसाव्या दिवसाच्या आत अपील दाखल झालं.

*

त्यानंतरची वर्षं सोपी नव्हती. माझ्याशी बोलणारे शिक्षक माझ्याशी बोलेनासे झाले. डबा खाताना मी एकटी. तपासणीला कुणी आलं की माझ्याच वर्गात तासभर बसवायचे. पाच वर्षं तारखा चालल्या.

साक्षीचा दिवस आठवतो. संस्थेचा वकील तरणा होता, हुशार होता. त्यानं तो कागद माझ्यासमोर धरला.

"ही सही तुमची?"

"माझी."

"आणि ही दुरुस्ती?"

"माझीच."

"म्हणजे तुम्ही कागद इतका शांतपणे वाचलात, की त्यातली वेलांटीसुद्धा सुधारली. आणि तरी म्हणता, भीतीनं सही केली?"

मागं कुणीतरी हसलं. संस्थेचे लोक बसले होते. माझे मालक बसले होते. हट्टानं आलेली माय बसली होती.

मला वाटत होतं जमीन दुभंगावी. पाच वर्षं मी ज्या गोष्टीची एकटीनं लाज बाळगली, ती त्यानं सगळ्यांसमोर उचलून धरली होती.

मी म्हणाले, "हो. मी भ्याले होते. नोकरी जाईल म्हणून भ्याले होते. मी टाळ्यासुद्धा वाजवल्या होत्या, ते तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. तेही लिहून घ्या. त्या खोलीत मला अक्षर न् अक्षर कळत होतं. मला फक्त नाही म्हणता येत नव्हतं."

हसणं थांबलं. वकिलानं कागद खाली ठेवला.

बोलून झाल्यावर मला हलकं वगैरे काही वाटलं नाही. बाहेर आल्यावर मायनं पाण्याची बाटली पुढं केली आणि म्हणाली, "चल, गाडी चुकंल."

निकाल माझ्या बाजूनं लागला. बाईंना खाली उतरवणं बेकायदेशीर आहे, त्यांना पद परत द्या. संस्था वरच्या कोर्टात गेली आणि स्थगिती घेऊन आली. मी पाचवीलाच शिकवत राहिले. अजून तिथंच आहे.

चौऱ्याण्णवच्या जानेवारीत विद्यापीठाच्या नावाचा विस्तार झाला. मागं विरोधाच्या निवेदनासाठी ज्या शाळेत सह्या गोळा झाल्या होत्या, त्याच शाळेत पेढे वाटले गेले. आण्णासाहेबांनी वाटले. निवडणूक जवळ आली होती. त्याच आठवड्यात ते माझ्या वर्गात आले, पत्र्याखाली, पहिल्यांदाच. हातात काठी होती, थकले होते. मी मुलांना बाहेर खेळायला सोडलं.

"बाई, झालं गेलं गंगेला मिळालं," ते म्हणाले. "तुमची अजून सहा वर्षं हायत. खुर्ची घ्या. भाच्याला दुसऱ्या शाळेवर पाठवतो. तुमचा सत्कार करू, तुमच्या समाजाच्या लोकांना बोलवू. कोर्टातलं तेवढं मिटवून टाका."

त्यांनी कागद दिला. टाइप केलेला. दोन्ही बाजूंच्या गैरसमजातून वाद निर्माण झाला होता आणि तो आपसात मिटला आहे, असं त्यावर होतं.

मला मोह झाला. सहा वर्षं. हजेरीपटावर पहिली ओळ. मी कागद घरी नेते म्हणाले. संध्याकाळभर तो समोर घेऊन बसले. मालक निवृत्त झाले होते, त्यांनी काही म्हटलं नाही. मायला आता डोळ्यांनी दिसत नाही, ती उंबऱ्यात बसून असते. तिनंही विचारलं नाही. कुणी नको म्हटलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

सकाळी मी आण्णासाहेबांच्या घरी गेले. बाहेर ओट्यावर दोनचार माणसं बसली होती. त्यांच्यासमोरच कागद परत दिला.

"गैरसमज हा शब्द काढा," मी म्हणाले. "धमकावून सही घेतली, असं लिहा. मग केस मिटवते."

"असं कोन लिवून देतं बाई?"

"मग कोर्टाकडून लिहून घेईन."

"खुर्ची तर मिळायलीय तुमाला. आनखी काय पायजे?"

"मी विनंती केली नव्हती," मी म्हणाले. "ते कुठंतरी लिहिलेलं पाहिजे."

ओट्यावरची माणसं खाली बघायला लागली. मी चपला घातल्या आणि शाळेत गेले. हजेरीपटावर माझ्या ओळीत सही केली, पुढं कंसात लिहिलं, 'हक्क राखून'. आता रोज लिहिते.

लाज गेलेली नाही. ती जाणार नाही, आणि ती कुणी पुसावी असंही मला वाटत नाही. निकाल माझ्या नोकरीत लागेल की नंतर, ठाऊक नाही. मी केस मिटवणार नाही. मी नसले तर माझी लेक चालवेल. तिला मी सगळे कागद कुठं ठेवलेत ते दाखवून ठेवलं आहे, आणि प्रत्येक कागद तिच्याकडून मोठ्यानं वाचून घेतला आहे.